बाळासाहेब खेर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळासाहेब खेर म्हणजे नेमके कोण?

बाळ गंगाधर खेर. जन्म रत्नागिरीत, २४ ऑगस्ट १८८८. निधन पुण्यात, ८ मार्च १९५७. व्यवसायाने मुंबईचे सॉलिसिटर, राजकारणाने मुंबई प्रांताच्या पहिल्या काँग्रेस मंत्रिमंडळाचे प्रमुख. हे पद त्यांच्याकडे दोनदा आले: १९ जुलै १९३७ पासून नोव्हेंबर १९३९ च्या सुरुवातीपर्यंत आणि पुन्हा ३० मार्च १९४६ ते २१ एप्रिल १९५२. मध्ये महायुद्ध, तुरुंगवास आणि प्रांतात गव्हर्नरची राजवट. पुढे दोन वर्षे ते लंडनला भारताचे उच्चायुक्त होते आणि अखेरीस राजभाषा आयोगाचे अध्यक्ष.

आजच्या महाराष्ट्रात त्यांचे नाव बहुतेकांना वांद्र्याच्या खेरवाडीमुळे किंवा खेरनगरमुळे ठाऊक असते. त्यांनी केलेले कायदे मात्र गावोगावच्या तलाठी दप्तरात आणि मुंबईच्या जुन्या चाळींत अजून नांदत आहेत. म्हणून या पानावर भर कायद्यांवर आहे.

टिळकही बाळ गंगाधर आणि तेही रत्नागिरीचे. मग घोळ होत नाही का?

होतो, आणि सारखा होतो. टिळकांचा जन्म १८५६ चा, खेरांचा १८८८ चा. इंग्रजी कागदपत्रांत दोघेही ‘बी. जी.’. त्यामुळे सूची चाळताना किंवा संगणकावर शोधताना फक्त ‘बाळ गंगाधर’ टाकू नका, ‘खेर’ हे आडनाव आणि साल दोन्ही टाका. १९२० नंतरचा कागद असेल तर तो टिळकांनी लिहिलेला नाही, कारण टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी वारले. एवढे लक्षात ठेवले तरी निम्मा घोळ मिटतो.

ते महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री होते का?

नाही. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी झाले, तेव्हा खेर जाऊन तीन वर्षे उलटली होती. ते मुंबई प्रांताचे प्रमुख. या प्रांतात मराठी, गुजराती आणि कानडी जिल्हे एकत्र होते (सिंध १ एप्रिल १९३६ ला वेगळा झाला होता). १९४८-४९ मध्ये दख्खनची संस्थाने, कोल्हापूर आणि बडोदा विलीन झाल्यावर प्रांत आणखी वाढला.

आणि काटेकोर बोलायचे तर मुंबई प्रांताचेही ते ‘पहिले’ नव्हेत. १९३५ च्या भारत सरकार कायद्याप्रमाणे निवडणुका झाल्या तेव्हा १७५ जागांच्या विधानसभेत काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष होती. पण गव्हर्नर आपले खास अधिकार वापरून मंत्र्यांच्या रोजच्या कारभारात ढवळाढवळ करणार नाहीत अशी हमी मिळेपर्यंत काँग्रेसने सत्ता घ्यायला नकार दिला. त्या मधल्या काळात, १ एप्रिल १९३७ पासून, धनजीशा कूपर यांचे अल्पमतातले मंत्रिमंडळ साडेतीन महिने चालले. जुलैत काँग्रेसने निर्णय बदलला आणि खेर आले.

जुन्या मजकुरात त्यांना ‘पंतप्रधान’ का म्हटले आहे?

कारण प्रांताच्या मंत्रिमंडळ प्रमुखाला तेव्हा इंग्रजीत ‘प्राइम मिनिस्टर’ किंवा ‘प्रीमियर’ म्हणत. मराठीत ‘मुख्य प्रधान’ आणि ‘पंतप्रधान’ असे दोन्ही शब्द चालत. ‘मुख्यमंत्री’ हे पदनाव २६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झाल्यापासून पक्के झाले. ‘नामदार खेर’ हाही उल्लेख सापडेल, पण नामदार हे पद नसून मंत्र्यांना लावायचा मानाचा शब्द आहे.

वकील होते म्हणजे कोर्टात उभे राहून बाजू मांडत होते का?

सॉलिसिटरचे काम ते नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत कामाची दोन भागांत वाटणी होती. अशिलाला भेटणे, हकीकत उतरवून घेणे, दस्तऐवज जमवणे, दावा आणि करारनामे तयार करणे हे सॉलिसिटरकडे. न्यायाधीशांपुढे उभे राहून युक्तिवाद करणे बॅरिस्टर किंवा अ‍ॅडव्होकेटकडे. अशील थेट बॅरिस्टरकडे जाऊ शकत नसे, मध्ये सॉलिसिटर लागेच. ही वाटणी कायद्याने १९७६-७७ मध्ये संपली, म्हणून आजच्या वाचकाला ती चटकन उमगत नाही.

खेरांचे शिक्षण पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि मुंबईच्या विल्सन कॉलेजात झाले. १९०८ साली ते बी. ए. झाले. विषय संस्कृत, आणि त्यात भाऊ दाजी पारितोषिक. कायद्याची पदवी घेतल्यावर ते न्यायमूर्ती बीमन यांचे वाचक आणि स्वीय सहायक झाले. बीमन यांची दृष्टी अधू होती. अशा न्यायाधीशाचा वाचक म्हणजे नुसता कारकून नव्हे. जबान्या, करारपत्रे, जुने निवाडे मोठ्याने वाचून दाखवायचे, विचारले की नेमके पान काढायचे, एक शब्द गाळायचा नाही. पुढे ज्याला कायद्याचे मसुदे कलमाकलमाने तपासायचे होते त्याला याहून चांगली उमेदवारी मिळाली नसती. १९१८ साली त्यांनी भागीदारीत मणिलाल खेर आणि कंपनी ही सॉलिसिटरांची पेढी काढली.

राजकारणात कधी आले? तुरुंगात किती वेळा गेले?

१९२२ च्या सुमारास. मुंबईच्या स्वराज्य पक्षाचे ते चिटणीस होते. १९३० च्या कायदेभंगात आठ महिने सक्तमजुरी आणि दंड, १९३२ मध्ये दोन वर्षे सक्तमजुरी. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहात पुन्हा अटक. ऑगस्ट १९४२ मध्ये स्थानबद्धता, सुटका जुलै १९४४ मध्ये.

नरीमन मागे पडून खेर कसे निवडले गेले?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा एका वाक्यात उरकले जाते. तसे करू नये.

के. एफ. नरीमन हे मुंबई शहर काँग्रेसचे मोठे नाव, तेही वकीलच. १९३७ च्या मार्चमध्ये प्रांतातल्या काँग्रेस आमदारांनी नेता निवडला तेव्हा नरीमनांची निवड होईल अशी सर्वसाधारण समजूत होती. निवड झाली खेरांची. वल्लभभाई पटेलांनी वजन वापरून आपल्याला बाजूला सारले, अशी नरीमनांची तक्रार होती. तिला जोडून जुना हिशेब होता: १९३४ च्या मध्यवर्ती विधानसभेच्या निवडणुकीत मुंबई शहरात नरीमनांनी काँग्रेसच्या उमेदवाराला नीट साथ दिली नाही, असा पटेलांचा आरोप. प्रकरण महात्मा गांधी आणि कायदेपंडित डी. एन. बहादुरजी यांच्यापुढे चौकशीला गेले. निष्कर्ष नरीमनांच्या विरुद्ध आला. मौलाना आझादांनी मात्र पुढे आपल्या आठवणींत, नरीमनांवर अन्याय झाला असे स्पष्ट नोंदवले.

इथे दोन प्रश्नांची गल्लत होते. नरीमनांवर अन्याय झाला का, हा एक. खेर नेतृत्वाला योग्य होते का, हा दुसरा. मराठी, गुजराती, कानडी आणि मुंबई शहर अशा चार प्रांतिक काँग्रेस समित्यांचे आमदार एका नेत्यामागे उभे करायचे होते. शहराबाहेर नरीमनांचा आधार पातळ होता. खेरांचे कुणाशी वैर नव्हते, आणि हे त्यांच्या पथ्यावर पडले. पटेलांचा हात होता हे मान्य करूनही खेरांची निवड समजण्यासारखी आहे, असे आमचे मत आहे.

पहिल्या मंत्रिमंडळात कोण कोण होते?

खेरांसह सात जण. क. मा. मुन्शी गृह आणि कायदा, अण्णासाहेब लठ्ठे अर्थ, मोरारजी देसाई महसूल, डॉ. एम. डी. डी. गिल्डर आरोग्य आणि अबकारी, एम. वाय. नुरी बांधकाम, एल. एम. पाटील स्थानिक स्वराज्य. शिक्षण खेरांनी स्वतःकडे ठेवले. विधानसभेचे अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, तेही वकील. पहिले अधिवेशन पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये भरले. मंत्र्याने महिना ५०० रुपयांहून जास्त पगार घेऊ नये हा काँग्रेसचा ठराव होता, तो इथेही पाळला गेला.

सव्वादोन वर्षांत काय साधले?

त्या मानाने पुष्कळ. बार्डोली आणि इतरत्र सत्याग्रहात जप्त झालेल्या जमिनी मूळ मालकांना परत देण्याचा कायदा झाला. हरिजनांच्या मंदिरप्रवेशाआड येणारे अडथळे दूर करण्याचा १९३८ चा कायदा झाला. १९३९ चे शेतकरी कर्जनिवारण आणि कूळवहिवाट हे दोन कायदे आले. दुकाने आणि आस्थापना कायदाही १९३९ चाच. दुकानातल्या नोकराच्या कामाचे तास आणि सुट्टी ठरवणारा हा देशातला पहिला कायदा. डोंगराळ भागातल्या आदिवासींच्या स्थितीवर सनदी अधिकारी सिमिंग्टन यांच्याकडून अहवाल करून घेतला. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी आली आणि बुडालेले उत्पन्न भरून काढायला शहरातल्या मिळकतींवर १० टक्के कर बसला. त्या कराने घरमालकांची नाराजी ओढवून घेतली.

आणि कुठे चुकले?

दोन ठिकाणी, आणि दोन्ही ठिकाणी समोर डॉ. आंबेडकर होते.

पहिले, १९३८ चा औद्योगिक तंटा कायदा. संपाआधी नोटीस, मग सलोख्याची लांबलचक प्रक्रिया, ती टाळून संप केला तर तो बेकायदा आणि संप करणाऱ्याला कैद. कायदा लिहिणाऱ्यांना वाटले, वाटाघाटींना वेळ मिळेल. कामगाराच्या बाजूने पाहिले तर संपाची धार वेळेतच असते. महिने गेले की मालक माल साठवतो आणि कामगाराची शिदोरी संपते. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी आंबेडकर, कम्युनिस्ट नेते डांगे, जमनादास मेहता यांनी एक दिवसाचा संप घडवला. त्या दिवशी पोलिसांनी गोळीबार केला. काँग्रेसच्या सरकारने कामगारांवर गोळी चालवली, हा डाग पुसला गेला नाही.

दुसरे, खोती. रत्नागिरी आणि कुलाबा (आजचा रायगड) भागात खोत हा सरकार आणि कूळ यांच्यातला सारा गोळा करणारा मध्यस्थ. सारा भरून उरलेले त्याचे. वर वेठ, फाळे, नजराणे. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ ला विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत विधानसभेवर मोर्चा घेऊन आले. खेरांनी शिष्टमंडळाची भेट घेतली. पण खोती गेली नाही. ती गेली खेरांच्याच दुसऱ्या कारकिर्दीत, १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याने. मधली काही वर्षे त्यांच्या हाती सत्ताच नव्हती हे खरे, परंतु १९३७ ते १९३९ मध्ये होती. स्वतः रत्नागिरीच्या माणसाला खोती काय चीज आहे हे कुणी सांगायला नको होते. हा उशीर त्यांच्या नावावर मांडलाच पाहिजे.

कूळ कायदा खेरांचा की मोरारजींचा?

दोघांचा, टप्प्याटप्प्याने. वारसाहक्काच्या किंवा खरेदीच्या कामासाठी जुने फेरफार वाचणाऱ्याला हे टप्पे ठाऊक असलेच पाहिजेत.

१९३९ च्या कायद्याने ‘संरक्षित कूळ’ ही कल्पना आणली: १ जानेवारी १९३८ च्या आधी सलग सहा वर्षे जमीन कसणारा. हा कायदा लगेच सगळीकडे लागू झाला नव्हता. सुरुवातीला मोजक्या जिल्ह्यांत आला आणि खेर १९४६ मध्ये परतल्यावर प्रांतभर गेला. म्हणून एखाद्या गावाच्या १९४२ च्या कागदात संरक्षित कुळाची नोंद नसेल तर तेवढ्यावरून ‘कूळ नव्हतेच’ असा निष्कर्ष काढू नका.

मग १९४८ चा ६७ वा अधिनियम, म्हणजे मुंबई कूळवहिवाट आणि शेतजमीन अधिनियम. यात खंडाला (कुळाने मालकाला द्यायच्या वाट्याला) कमाल मर्यादा घातली: बागायतीत पिकाचा चौथा हिस्सा, इतर जमिनीत तिसरा. भाडेपट्ट्याला किमान दहा वर्षांची मुदत दिली. स्वतः कसण्यासाठी जमीन मागणाऱ्या मालकावर ५० एकरांची मर्यादा घातली. कुळाला मालक मात्र यातून आपोआप केले नाही. मालकी मिळाली ती मोरारजींच्या काळातल्या १९५६ च्या दुरुस्तीने. तिने १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरवला. त्या दिवशी कूळ मालक मानले गेले, मग कलम ३२ ग खाली किंमत ठरली आणि पैसे भरल्यावर ३२ म चे प्रमाणपत्र मिळाले. खेर त्याआधी चोवीस दिवस वारले.

चूक इथे होते: घरात ‘१९४८ ला जमीन आपली झाली’ असे सांगत आलेले असते, आणि मंडळी ४८ सालचा मालकीचा फेरफार शोधत बसतात. तो मिळत नाही. १९५७ नंतरचे ३२ ग चे आदेश शोधा.

दुसऱ्या कारकिर्दीतले आणखी कोणते कायदे आजही भेटतात?

मुंबईकराला सर्वांत जवळचा १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा. १ सप्टेंबर १९४० ला जे भाडे होते ते प्रमाणभूत धरून गोठवले. युद्धानंतरच्या घरटंचाईत, फाळणीचे निर्वासित येत असताना भाडेकरूला वाचवण्यासाठीची ही तात्पुरती तजवीज होती. प्रत्येक सरकारने मुदत वाढवत नेली, आणि ती थेट ३१ मार्च २००० ला नवा कायदा लागू होईपर्यंत चालली. चाळींची दुरुस्ती थांबणे आणि पागडीचा व्यवहार फोफावणे, दोन्हींची मुळे या गोठलेल्या भाड्यात आहेत. दोष मूळ कायद्याइतकाच, किंबहुना जास्त, मुदत वाढवत राहणाऱ्यांचा आहे.

१९४९ चा दारूबंदी कायदा १६ जूनपासून अमलात आला आणि एप्रिल १९५० पासून राज्यभर दारूबंदी झाली. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात त्यातली काही कलमे रद्द केली, जसे अल्कोहोल असलेली औषधे आणि प्रसाधने बाळगण्यावरची बंदी, पण कायदा उभाच ठेवला. घटनाबाह्य भाग कापून उरलेला कायदा टिकतो या तत्त्वासाठी हा निकाल वकिलीच्या अभ्यासक्रमात हमखास येतो. १९४६ चा हिंदू द्विभार्या प्रतिबंधक कायदा (नरसू अप्पा माळी खटला त्यावरचाच), १९४९ चा बहिष्कार प्रतिबंधक कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा हेही याच सरकारचे. पुणे विद्यापीठही याच काळात, १९४९ मध्ये सुरू झाले.

वारली आंदोलनात त्यांची भूमिका काय होती?

ठाणे जिल्ह्यात खेरांनी आदिवासी सेवा मंडळ उभारले होते आणि आदिवासींच्या शिक्षणाबद्दल त्यांना मनापासून आस्था होती. परंतु १९४५ पासून किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली वेठबिगारीविरुद्ध उठले, आणि १९४६ मध्ये खेर सरकारने परुळेकरांना जिल्ह्यातून हद्दपार केले. शाळा आणि वसतिगृहे काढणारा सेवाभाव एकीकडे, जमीनदाराचे काम बंद करणारी संघटना दुसरीकडे. खेरांना पहिला मार्ग उमगला, दुसरा नाही.

आंबेडकरांना संविधान सभेत परत आणण्यात त्यांचा वाटा होता हे खरे का?

खरे आहे. फाळणीमुळे आंबेडकरांची बंगालमधली जागा गेली. ३० जून १९४७ रोजी राजेंद्र प्रसादांनी खेरांना पत्र लिहून, आंबेडकरांना मुंबईतून तातडीने निवडून पाठवावे असे कळवले. बॅ. मुकुंदराव जयकरांच्या राजीनाम्याने एक जागा मोकळी झाली होती. जुलैत आंबेडकर त्या जागेवर निवडून आले. खोती आणि संप यांवरून ज्यांच्याशी झुंज झाली त्यांच्यासाठीच मुंबईच्या काँग्रेस आमदारांची मते उभी करायची होती, आणि खेरांनी ती केली.

गांधीजींच्या हत्येची आगाऊ खबर त्यांना होती का?

शब्द जपून वापरा. २० जानेवारी १९४८ ला दिल्लीत बिर्ला भवनात कटातल्या मदनलाल पाहवाने स्फोट केला. दुसऱ्या दिवशी मुंबईतले प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांना भेटून, मदनलाल आपल्याशी कटाबद्दल काय बोलला होता ते सांगितले. मोरारजींनी त्याच संध्याकाळी ते पोलीस अधिकारी नगरवाला यांच्या कानावर घातले. ३० जानेवारीला हत्या झाली. पुढे १९६४ मध्ये, हत्येचा बेत आपल्याला आधीच ठाऊक होता, या टिळकांचे नातू ग. वि. केतकर यांच्या जाहीर वक्तव्याने वाद पेटला आणि न्या. कपूर आयोग बसला. त्याचा अहवाल १९६९ चा. आयोग नेमला तेव्हा खेर हयात नव्हते, म्हणजे त्यांची बाजू त्यांच्या तोंडून आयोगापुढे आलीच नाही. अहवाल वाचताना हे विसरू नये.

‘खेर समिती’ नेमकी कोणती?

एक नाही. गांधीजींच्या वर्धा शिक्षण योजनेवर मध्यवर्ती शिक्षण सल्लागार मंडळाने त्यांच्या अध्यक्षतेखाली १९३८ आणि १९३९ अशा दोन समित्या नेमल्या. प्राथमिक शिक्षणात राज्य सरकार आणि स्थानिक संस्था यांचे नाते काय असावे यावरची खेर समिती १९५१ ची. राजभाषेसाठी नेमला गेला तो आयोग. नेमणूक ७ जून १९५५, सभासद २१, अहवाल ३१ जुलै १९५६. सुनीतिकुमार चटर्जी आणि पी. सुब्बरायन यांनी भिन्नमत नोंदवले होते, तेही सोबत वाचा. परीक्षेच्या उत्तरात नुसते ‘खेर समिती’ लिहिले की गुण जातात, साल लिहा.

त्यांना कोणता सन्मान मिळाला?

१९५४ साली पद्मविभूषण, पहिल्याच वर्षीच्या सहा मानकऱ्यांत. लंडनला ज्यांच्याकडून त्यांनी उच्चायुक्तपद घेतले ते कृष्ण मेनन त्याच यादीत होते. खेरांनंतर लंडनला विजयालक्ष्मी पंडित गेल्या.

मूळ कागद कुठे आणि कसे शोधावेत?

खेरांचे खासगी कागद दिल्लीत तीन मूर्तीच्या संग्रहालयात आहेत. सरकारी दप्तर मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात. विधानसभेतल्या चर्चांचे अधिकृत वृत्तांत छापील खंडांत आहेत. आधी विधेयक कोणत्या अधिवेशनात मांडले ते काढा, मग त्या अधिवेशनाचा खंड मागवा.

कायदा शोधताना तीन साले वेगळी ठेवा: नावातले, क्रमांकातले आणि अंमल सुरू झाल्याचे. खोती निर्मूलन कायद्याच्या नावात १९४९ आहे, क्रमांक १९५० चा ६ आहे, आणि अंमल १९५० मध्ये सुरू झाला. एकच साल धरून बसलात तर राजपत्राचा चुकीचा गठ्ठा समोर येतो आणि दिवस वाया जातो. शिवाय २०१२ पासून यातल्या बहुतेक कायद्यांच्या नावातला ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आला. जुना निकाल ‘मुंबई’ नावाने सापडेल, आजची शुद्ध प्रत ‘महाराष्ट्र’ नावाने. गुजरातेत तोच कायदा शोधायचा असेल तर तिथले नाव वेगळे पाहावे लागेल. क्रमांक आणि वर्ष मात्र सगळीकडे तेच राहते, म्हणून वहीत सर्वांत आधी ते टिपा.